हजिरी

हत्तीपौरीच्या आत, डाव्या हाताला,
जिथे दगड वैशाखातही जरा गार असतो,
तिथे सबनीस दौत मांडून बसतो
आणि ग्वाल्हेरच्या गडावरची नावे घेतो.

मी दोनदा 'हाजिर' म्हणतो.

एकदा माझ्यासाठी :
भिवजी वल्द काळोजी ढमाले,
वर्ण सावळा, डाव्या भुवईवर वण.
एकदा जरा घोगऱ्या आवाजात, जमिनीकडे बघत,
गोंदजी वल्द सटवोजी थिटे याच्यासाठी :
उंच, गहूवर्ण, उजव्या कानाची पाळी फाटकी.
गोंदजी भाद्रपदात हिवतापाने गेला.

आम्ही तिघेच होतो.
चौथा खांदा नथ्थू गुजराने दिला, तो गडावर दूध घालतो.
गोंदजीकडे त्याची सव्वा रुपया उधारी होती.
उरवाहीच्या उतारावर पाय घसरला तेव्हासुद्धा
त्याने ती काढली नाही.

सबनीस म्हणाला,
नाव काढले तर रोजमुरा वर परत जाईल,
ठेवले तर इथेच राहील. तू नुसती ओ दे.
पाचातले तीन माझे, दोन तुझे.

पण रोजमुरा मार्गशीर्षापासून आलेलाच नाही.
कांबळ्याचे वजा, तेलाचे वजा,
फुटलेल्या मडक्याचेही वजा,
आता मेलेल्या माणसाचीसुद्धा
सरकारकडे थकबाकी आहे.

त्याचा पहारा तिसऱ्या प्रहराचा.
माझा दुसऱ्या.
म्हणून मी दोन्ही उभा राहतो,
आणि दुसरा संपला की वहाणा बदलतो.
त्याच्या मला बोटभर मोठ्या होतात,
टाच मागून फटफट वाजते,
खालचा चौकीदार ऐकतो
आणि समजतो, माणूस बदलला.

उत्तरेला चंबळ आहे म्हणतात.
इथून ती दिसत नाही, तिच्या बाजूची धूळ दिसते.
सहा वर्षे त्या धुळीकडे बघून
मी सांगू शकतो कुठली गाढवांची, कुठली वऱ्हाडाची.
घोड्यांची धूळ बुडाशी काळपट असते,
पुढे येते, आणि दर वेळी आगऱ्याकडे वळते.
तट चढून आले ते एक लंगडे वानर.
त्याने माझी भाकरी नेली.

खाली कड्यात ते उघडे देव कोरलेत,
हात सरळ, गुडघे न वाकवता,
पहाऱ्याला उभे राहावे तर असे.
कितीतरी जणांचे चेहरे कुणी फोडून टाकलेत.
त्यांची चेहरेपट्टी कुठल्या सबनिसाने लिहावी?
गोंदजी त्यांना जाता येता रामराम घालायचा.
मी विचारले, हे कोण तुझे?
म्हणाला, आपल्याच पलटणीतले, जुने.

परवा खटावाकडून जासूद आला.
कागद गोंदजीच्या नावाचा.
मला वाचता येत नाही, सबनिसाने वाचला :
म्हैस व्याली, रेडी झाली.
गोठ्याची मागची भिंत बसली,
तूर्त कुड घातला आहे.
थोरलीला मागणे आले आहे, मुलगा बरा आहे,
पण होय म्हणायला घरात पुरुष नाही.
कधी येणे होते ते कळवावे.

सबनिसाने कागद उलटा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर टाक टेकवला.
काय लिहू?

मी बराच वेळ बाहेर बघत होतो.
नथ्थू घागर घेऊन चढत होता,
दर वळणावर थांबून खांदा बदलत होता.

लिहा, म्हटले, हाजिर आहे.

त्याने ते लिहिले नाही.
टाक पुसून कानावर ठेवला.
जासूद जोत्यावर बसून गूळ खात राहिला.
मग सबनीसच हळू म्हणाला,
मुलगा बरा असेल तर होय म्हणून टाकू?
मी मान हलवली.
ते मात्र त्याने लिहिले,
दोन ओळीत, खाली गोंदजीचे नाव.

आज उजाडता हजिरीला
पहिले नाव माझेच निघाले.
भिवजी वल्द काळोजी.
कुणी ओ दिली नाही.
भिवजी वल्द काळोजी ढमाले!
सबनिसाने मान वर केली,
शेजारच्याने कोपर मारले,
तेव्हा मी पायांकडे बघितले.

रात्री वहाणा परत बदलायच्या राहिल्या होत्या.